मुखवटा घालून कायदा हातात घेणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कॉमिक्समधल्या बॅटमॅन, पनिशर, रॉर्शाक वगैरे पात्रांच्या मानसिकतेवर एक लेख लिहितोय. दर दोन ओळींनी ‘व्हिजिलांटी’ लिहायचा कंटाळा आलाय. ‘सुपरहिरो’ चालणार नाही, कारण यातल्या कित्येकांकडे अचाट शक्ती वगैरे काही नाही. चांगला मराठी शब्द सुचवा.

उत्तर : ‘जागल्या’ घ्या की. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ पहारेकरी असाच आहे.

उत्तर : जागल्या शब्द मलाही फार आवडतो, पण इथे तो नको. एक तर वर्तमानपत्रांनी तो गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसासाठी रुळवलाय. दुसरं म्हणजे जागल्याला गाव नेमतं. गस्तीत कसूर झाली तर गाव त्याला जाब विचारू शकतं. व्हिजिलांटीला कोणीच नेमलेलं नसतं. १८५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्यापाऱ्यांनी ‘दक्षता समिती’ काढली आणि स्वतःच खटले चालवून माणसं फासावर दिली. इंग्रजीत या शब्दाला जो काळा रंग आहे तो अशा समित्यांमुळे. तो मराठीत उतरला नाही तर लेखाचा पायाच जाईल.

‘स्वयंघोषित रक्षक’ बातम्यांमध्ये वाचतो, पण त्यातलं ‘घोषित’ खटकतं. घोषणा करणारा नाव सांगून पुढे येतो, हे लोक नाव लपवतात. म्हणून ‘स्वयंनियुक्त रक्षक’ म्हणा. जरा सरकारी वाटतं, पण नेमकं आहे.

खरी गंमत पुढे आहे. एवढ्या एका शब्दावर सगळ्यांना बसवू नका, कारण प्रत्येकाला हलवणारी गोष्ट वेगळी आहे आणि मराठीत तिला वेगवेगळे शब्द आहेत. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना वेताळ, म्हणजे फँटम, आठवत असेल. पहिल्या वेताळाने १५३६ मध्ये बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि ती पिढ्यानपिढ्या चालली. ही शपथ आहे, वारशाने येणारी. बॅटमॅनचं तसं नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात छापलेल्या त्याच्या अवघ्या दोन पानी पूर्वकथेत आईबाप डोळ्यांदेखत मेलेला पोरगा मेणबत्तीच्या उजेडात हात जोडून सगळ्या गुन्हेगारांविरुद्ध आयुष्य वेचायचं ठरवतो. मारेकरी एक, शत्रू मात्र सगळेच. याला सूड म्हणता येत नाही. सूड उगवला की संपतो, हे रोज रात्री नव्याने पाळावं लागतं. पुढच्या काळात बंदूक नाही, जीव घ्यायचा नाही असे नियमही त्याला जोडले गेले. आपल्याकडे याला व्रत म्हणतात.

स्पायडरमॅनला मात्र प्रायश्चित्तच लागू पडतं. १९६२ च्या पहिल्या गोष्टीत त्याने पोशाख शिवला तो टीव्हीवर पैसे कमवायला, हे लोक विसरतात. चोर समोरून पळतो, हा अडवत नाही, ‘माझं काम नाही’ म्हणतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या काकाचा जीव घेतो. पोशाख आधी आणि कारण मागून, असा या सगळ्यांत हा एकटाच.

प्रश्न : मग पनिशर तरी सूडकरी ना? आणि रॉर्शाकला काय म्हणू?

उत्तर : पनिशर १९७४ मध्ये आला. बायको-मुलांची हत्या झालेला सैनिक, म्हणजे सुरुवात सुडानेच. पण जबाबदार लोक मेल्यावरही तो थांबत नाही, म्हणून शिक्षा हाच शब्द खरा. अमेरिकेत काही पोलीस आणि सैनिक त्याच्या छातीवरची कवटी मिरवायला लागले तेव्हा त्याचा एक निर्माता गेरी कॉनवे याने जाहीर विरोध केला. ज्याला सरकारने नेमलंय त्याने न नेमलेल्याचं चिन्ह लावायचं, यापरतं ‘कुंपणच शेत खातं’चं उदाहरण मला सापडत नाही.

रॉर्शाकवर थोडं थांबा, कारण तुमच्या लेखाचं मर्म त्याच्यात आहे. ‘वॉचमेन’ या कॉमिकमध्ये (१९८६-८७) वॉल्टर कोव्हॅक्स, म्हणजे पुढचा रॉर्शाक, कपड्यांच्या कारखान्यात कामाला असतो. एका तरुणीने खास मागवलेला आणि मग नाकारलेला ड्रेस तो घरी नेतो. १९६४ मध्ये तिचा खून होतो, शेजारी नुसते बघत राहतात, असं तो पेपरात वाचतो आणि त्याच कापडाचा मुखवटा करतो. तो खून न्यूयॉर्कमध्ये खरोखर झालेला आहे, किटी जेनोव्हिजचा. ३८ जणांनी बघूनही काही केलं नाही ही बातमी फुगवलेली होती, हे पुढे ती छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही मान्य केलं. कथालेखकाच्या हे ध्यानीमनी नसेल, पण आज वाचताना अंगावर काटा येतो: रॉर्शाकने माणुसकीवरचा विश्वास सोडला तो एका अर्ध्या खऱ्या बातमीवर. त्याच्यासाठी माझा शब्द ‘चीड’. अन्यायाची चीड सगळ्यांना येते, याला मात्र चिडीशिवाय दुसरं काही उरलेलं नाही. म्हणून तो तडजोडही करू शकत नाही आणि अखेरीस त्यापायी जीव देतो.

प्रश्न : कॉस्च्युमला ‘वेष’ लिहिलं तर?

उत्तर : डेअरडेव्हिलसाठी ठीक. दिवसा वकिली, रात्री वेष, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे. रॉर्शाकला मात्र ‘वेष’ पुरणार नाही. पोलीस मुखवटा ओढून काढतात तेव्हा तो ‘माझा चेहरा परत द्या’ म्हणून ओरडतो. तिथे ‘सोंग’ बघा, पण बोलण्यातलं ढोंगाच्या अर्थाचं नाही, बोहाडा या मुखवट्यांच्या लोकोत्सवातलं. देवाचा मुखवटा चढवून नाचणाऱ्याला लोक नमस्कार करतात तेव्हा तो कुणाचा कोण हे कोणी विचारत नाही.

आणि एक सूचना. लेखात पहिल्यांदा ‘स्वयंनियुक्त रक्षक’ लिहून नंतर आटोपशीर म्हणून नुसतं ‘रक्षक’ करू नका. ‘स्वयंनियुक्त’ गळलं की वाचणाऱ्याला तो पोलीस वाटायला लागतो.