खोटं खोटं खायचं असतं!

"सारखं खोटं-खोटं खेळून मुलांना खरं काय तेच कळेनासं होतं" अशी भीती काही जण बोलून दाखवतात. मला ती नाही पटत. आमची चार वर्षांची लेक रोज संध्याकाळी सोफ्याच्या कोपऱ्यात भातुकली मांडते. परवा बाटलीच्या झाकणात शर्टाची दोन बटणं वाढली. "बाबा, साबुदाणा वडा. गरम आहे हं!" मी चेष्टेत एक बटण खरंच तोंडात टाकलं, तर केवढी किंचाळली! "अरे बाबा, खोटं खोटं खायचं असतं!" बटण धुऊन परत झाकणात. वर दटावणी, की आता चटणी मिळणार नाही.

लेव विगोत्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाने 1933च्या एका व्याख्यानात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचा दाखला दिला होता. त्या चक्क 'बहिणी-बहिणी' खेळायच्या! एरवी ज्याकडे लक्षही जात नाही ते बहीणपण खेळात मात्र काटेकोर: कपडे सारखे, हातात हात. आमच्याकडेही तेच. बाईसाहेब 'आई' झाल्या की बाहुलीचे दात दोनदा घासतात, आणि स्वतःचा ब्रश दिसला की पलंगाखाली पसार.