मदत हवी आहे : वॉयनिच हस्तलिखित म्हणजे खरी भाषा की नुसती थाप?

मंडळी, महिनाभर एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून विचारतेय. विल्फ्रिड वॉयनिच या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने १९१२ साली इटलीत विकत घेतलेलं, आजवर कुणालाही न वाचता आलेलं ते हस्तलिखित. आता ते येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. कार्बन तपासणीत चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातलं निघालं. त्यामुळे वॉयनिचनेच ते रचलं असेल, हे मला तरी पटत नाही. इतकं जुनं कोरं चर्मपत्र त्याला मिळणार कुठून?

स्कॅन केलेली पानं मोठी करून बघत बसते. मुळं एका झाडाची, पानं भलत्याच झाडाची वाटावीत अशी चित्रं. हिरव्या पाण्यात उभ्या असलेल्या विवस्त्र बायका. आणि मजकूर कसा, तर सरसर लिहिलेला, खाडाखोड जवळपास नाहीच!

माझं घोडं अडलंय ते इथे. काही अक्षरं बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटीच येतात, काही सुरुवातीलाच. एकच शब्द कधी लागोपाठ दोन-तीनदा येतो. सांकेतिक लिपीत असं घडतं का, की अर्थहीन काहीतरी खरडणाऱ्याच्या हाताची ही सवय? दोन्हींतला फरक मोजून ओळखता येतो का?

भाषाशास्त्र किंवा सांकेतिक लिपी शिकलेलं कुणी असेल तर सोप्या शब्दांत सांगा. 'अखेर कोडं सुटलं' छापाचे व्हिडिओ मात्र नकोत, ते पोटभर पाहून झालेत.