चुकून तिसरा गिअर पडला. इंजिन बिघडले आहे का?

प्रश्न: चौथ्यातून पाचवा टाकताना घाईत तिसरा पडला आणि क्लच सोडताच इंजिन किंचाळले. त्याआधी चौथ्यात असताना आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ५५०० वर होता. मी लगेच क्लच दाबला. आता गाडी चालते. पण थंड असताना बारीक टिकटिक ऐकू येते. लिमिटर (इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) असताना नुकसान होऊ शकते का?

उत्तर १: होऊ शकते. लिमिटर फक्त इंधन किंवा ठिणगी तोडतो. इथे इंजिनाला चाकेच फिरवत होती. चौथ्याचे गुणोत्तर १.० आणि तिसऱ्याचे १.४ धरले, तर ५५०० चे ७७०० होतात. इतक्या वेगात स्प्रिंग व्हॉल्व्हला (झडपेला) वेळेवर मागे खेचू न शकल्यास तो पिस्टनला आपटून वाकू शकतो. टिकटिक त्याचीच असेल असे मात्र नाही.

उत्तर २: आधी कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी आला, तर लीकडाउन चाचणी करून, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडून, ती कुठून फुसफुसते ते कान देऊन ऐका: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीतून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंग. तोवर गाडी न चालवलेलीच बरी.

उत्तर ३: कॉम्प्रेशन उत्तम आले तरी बेअरिंगची खात्री होत नाही. ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाची घडी उलगडून पाहा. चमकणारे कण चुंबकाला चिकटले नाहीत, तर बेअरिंगवर संशय घ्यावा.