जुने बूट आणि किट गोळा झाले, पण मुलांना मापाचे मिळत नाहीत, काय करावे?

प्रश्न (सातारा):
आम्ही दहा-बारा जण पहाटे यवतेश्वरच्या घाटात धावण्याचा सराव करतो. प्रत्येकाच्या घरी एखादा जुना जोड पडून असतो, म्हणून आम्ही ओळखीच्या सोसायट्यांमध्ये आवाहन केले आणि आता माझ्या पडवीत बुटांचे एक्केचाळीस जोड, क्रिकेटची चार किट आणि एक धनुष्य येऊन पडले आहे. पहिल्या फेरीत माण तालुक्यातील एका शाळेत वीस जोड नेले, त्यांपैकी पंधरा परत आणावे लागले. कारण आमचे बूट आठ, नऊ, दहा नंबरचे आणि मुलांचे पाय तीन ते पाच नंबरचे. एका मुलीने पुढे कापडाचा बोळा कोंबून नऊ नंबरचा जोड घातला, पण मैदानाची अर्धी फेरी होण्याआधीच तिची टाच बाहेर आली. याच तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावल्या होत्या, त्यामुळे तिथल्या मुलींना धावण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कमी आहे ती मापाच्या बुटांची. पुढे काय करावे?

उत्तर १ (तासगाव, निवृत्त क्रीडाशिक्षक):
ताई, आपण आधी गोळा केले आणि मग गरज विचारली. क्रम उलटा करावा. शाळेने प्रत्येक मुलाला जुन्या वर्तमानपत्रावर उभे करून पावलाची रेघ काढून घ्यावी, त्यावर नाव आणि इयत्ता लिहावी, आणि ते कागद हाती आल्यावरच आवाहन करावे. लहान मापाचे बूट धावणाऱ्या महिलांकडे आणि शहरातील ज्या मुलांचे पाय वर्षभरात वाढले त्यांच्या घरी मिळतील. घेताना बूट उलटा करून पाहावा: टाच एका बाजूने झिजलेली असेल किंवा तळव्याचा फोम दाबूनही दबत नसेल, तर तो घेऊ नये. धावण्याचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर धक्के सोसेनासा होतो, मग वरून तो कितीही नवा दिसो. आपल्याला जे घालवत नाही ते गरिबाला चालेल, ही समजूत मला नोकरीभर छळत आली आहे.

राहिले ते पंधरा जोड. पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणारी मुले आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे दिसतात आणि त्यांचे पाय आठ-नऊ नंबरचेच असतात. त्यांना विचारावे.

उत्तर २ (सांगली):
मी मुलामुलींना क्रिकेट शिकवतो, म्हणून किटविषयी लिहितो. ज्या हेल्मेटला एकदा जोराचा चेंडू लागला आहे ते देऊ नये; तडा आतल्या बाजूला असतो आणि बाहेरून दिसत नाही. देणाऱ्याला तसे स्पष्ट विचारावे, आणि तो आठवू लागला तर हेल्मेट बाजूला ठेवावे. ग्लोव्हज डावखुऱ्यांचे आणि उजव्यांचे वेगळे असतात, कारण अंगठ्यावरचे जाड संरक्षण खालच्या हाताला लागते. डावखुऱ्या फलंदाज स्मृती मानधना सांगलीत वाढल्या असल्यामुळे आमच्याकडे डाव्या हाताने खेळू पाहणाऱ्या मुली येतात, पण दानात येणारे ग्लोव्हज जवळजवळ सगळे उजव्यांचे असतात. बॅटच्या कडेला बारीक चीर असेल तर दोरा गुंडाळून आणि टेप लावून काम भागते; मूठ सैल झाली असेल तर मात्र कारागिराकडेच द्यावी.

उत्तर ३ (सातारा, पालक):
धनुष्य शाळेला देऊ नका. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये विश्वविजेती झाल्यापासून प्रत्येक मुलाला ते ओढून पाहायचे असते, आणि बाण न लावता प्रत्यंचा सोडली तर धनुष्याची पाती फुटून इजा होऊ शकते. ओढ किती किलोची आहे आणि ती कोणत्या वयाला पेलेल, हे प्रशिक्षकच सांगू शकतो. माझ्या मुलाचे पहिले धनुष्य आम्ही अशाच एका प्रशिक्षकाकडे ठेवले. ते कोणाच्या मालकीचे नाही. वहीत नाव लिहून मूल ते वापरते आणि ताकद वाढली की परत करते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. सर, काल संध्याकाळी भरतीची तयारी करणारी सहा मुले येऊन बूट घालून गेली. नऊ नंबरचे चार जोड गेले. शाळेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाठवला आहे. धनुष्य तूर्त माळ्यावर, प्रत्यंचा काढून.