मदत हवी आहे: छोट्या फ्रेमच्या रोड बाईकवर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं

धरमपेठची

नमस्कार मंडळी,

मागच्या रविवारी सकाळी नागपुरात वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांखालून यू-टर्न घेताना पडले. वेग अगदी कमी होता, पायी चालणाऱ्याइतका. दुभाजकाच्या कटमध्ये हँडल उजवीकडे वळवलं, पेडल मारलं आणि डाव्या बुटाचं टोक पुढच्या टायरला जाऊन अडलं. चाक सरळ होईना, पाय क्लीटमधून (बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) सुटेना. कोपर आणि गुडघा सोलवटला. मागचा ऑटोवाला वेळेवर थांबला, त्या भल्या माणसाने सायकल उचलून कडेलाही लावून दिली. पण तेव्हापासून वळण आलं की पोटात गोळा येतो. फुटाळा तलावाला वळसा घालून सेमिनरी हिल्सचा चढ चढणं हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात आनंदाचा तास आहे. तो भीतीपायी हातचा जाऊ द्यायचा नाही, म्हणून हा धागा.

माझी उंची १५१ सेंमी. तीन वर्षं हायब्रिड चालवली, जानेवारीत रोड बाईक घेतली. कंपनीची सगळ्यात छोटी साईज, ४४. चाकं ७००सी, टायर २८ मिमीचे, डिस्क ब्रेक, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिमी. घेताना सरळ गल्लीत दोन चकरा मारल्या, वळून पाहिलंच नाही आणि दुकानातही कोणी याबद्दल बोललं नाही. आता विचारलं तर "छोट्या सायकलीत असंच असतं, सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं.

घरी भिंतीला टेकवून मापं घेतली. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्याभोवती फिरतो तो फ्रेमचा खालचा जोड) मध्यापासून पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ५७२ मिमी. क्रँक पुढे आडवा धरून, बुटाच्या रेषेत येईपर्यंत चाक वळवलं तर पेडलच्या मध्यापासून टायरपर्यंत ८१ मिमी. आणि त्याच मध्यापासून माझ्या बुटाचं टोक ९४ मिमी पुढे. म्हणजे सरळसरळ १३ मिमी बूट टायरच्या वाटेत येतो.

हा माझ्या सायकलीतला दोष आहे का? असल्यास सायकल परत करावी का? की काही बदलून निभावेल? जूनच्या मध्यात पाऊस सुरू होईल, मडगार्ड लावायचे आहेत. हिवाळ्यात पहिली २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची फेरी) करायची इच्छा आहे. साडेतेरा तासांत पायाकडे बघत बसायचं नाही मला. कृपया नीट सांगा, आकडे असतील तर उत्तम.

हिंगणा_लाईन

ताई, जास्त लागलं नाही ना? माझ्या भावाचीही सायकल छोटी आहे, त्याने सीट मागे सरकवली आणि स्टेम (हँडल पकडणारा पुढचा दांडा) लांब टाकला. तुम्ही पण करून बघा.

तेलंगखेडी७००

वरचा सल्ला मनापासून दिला आहे, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. सीट कुठेही सरकवा, स्टेम कितीही लांब-आखूड करा, बीबी आणि पुढचं चाक यांच्यातलं अंतर तसंच राहतं. पाय पेडलवर आहे, पेडल क्रँकवर आणि क्रँक बीबीवर. सीटचा त्यात काहीच संबंध नाही. उलट नको तिथे सरकवलेल्या सीटने गुडघे दुखायला लागतील.

मी पंधरा वर्षांपासून स्वतःच्या आणि मित्रांच्या सायकली खोलतो-जोडतो. बायकोची उंची १५३, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातला आहे.

आधी मूळ कारण. फ्रेम लहान करताना कंपनी पाईप आखूड करते, चाक मात्र तेच ठेवते. ७००सी रिमचा व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. त्यावर २८ चा टायर चढला की ३३९. उंच माणसाच्या ५८ साईजलाही एवढंच चाक आणि तुमच्या ४४ लाही एवढंच. पाय आणि चाकातली जागा तिथेच खाल्ली जाते. ही जागा थोडी परत मिळवायला डिझायनर छोट्या साईजचा हेड ट्यूब (हँडलखालचा पुढचा पाईप) जास्त कलता करतो, चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) पुढे बाक जास्त देतो. त्याने चाक पुढे सरकतं. पण हे फार ताणलं की हँडलचा स्वभाव बिघडतो, म्हणून कुठेतरी थांबावं लागतं. ५७२ हा आकडा या साईजला वाईट नाही. तेव्हा ताई, तुमच्या सायकलीत बिघाड नाही. ७००सी चाकाच्या छोट्या फ्रेमची ही अंगची अडचण आहे. दुकानदाराने ती आधी सांगायला हवी होती, हे मात्र मी ठामपणे म्हणेन.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा नियमांत पेडलच्या मध्यापासून टायर किंवा मडगार्डपर्यंत किमान ८९ मिमी जागा मागितली आहे. तुमचे ८१ त्यात बसले नसते. पण तो नियम पाय बांधून न ठेवणाऱ्या पेडलच्या सायकलींसाठी आहे. क्लीट किंवा टो-क्लिपच्या (पंजा अडकवायच्या पिंजऱ्याच्या) सायकली त्यातून सुटतात, आणि रोड बाईक नेमक्या तिथेच येतात. मला हे उलटं वाटतं. ज्याचा पाय अडकलेला आहे त्यालाच जागा जास्त लागते.

आता तुम्ही का पडलात. चाक उजवीकडे वळलं की त्याची पुढची कड उजवीकडे जाते आणि मागची कड डावीकडे येते. म्हणजे वळणाच्या बाहेरचा पाय पुढे असेल तर तोच सापडतो. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आपले यू-टर्न सगळे उजवीकडे आणि धोका नेहमी डाव्या पायाला. वेगात असताना घाबरायचं कारण नाही. २५ च्या वेगात सायकल झुकून वळते, हँडल जेमतेम दोन-चार अंश फिरतं. बूट लागायला साधारण १५ अंश तरी फिरावं लागतं, आणि तेवढं ते फक्त यू-टर्न, सीताबर्डी बाजाराची गर्दी, पार्किंग किंवा एकदम खड्या चढावर नागमोडी चालवताना फिरतं.

तंत्र असं. वळणाच्या आधीच पेडल मारणं थांबवा आणि आतला पाय पुढे आणा. उजवीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे, डावा मागे. जोर लागलाच तर पूर्ण फेरी मारू नका. उजव्या पायाने पाव फेरी खाली दाबायची, तेवढीच उलटी मागे घ्यायची, परत दाबायची. फ्री व्हील कटकट वाजेल, वाजू द्या. सायकल पुढे सरकत राहते आणि डावा पाय चाकाच्या वाटेत येतच नाही. रिकाम्या मैदानावर, साधे बूट घालून, शंभर वेळा करा. पाय आपोआप तसा ठेवला जाईपर्यंत.

दोन प्रश्न: बूट कोणत्या नंबरचा आहे? आणि क्लीट कुठे बसवलं आहे?

सकाळची_फेरी

मी १४९ सेंमी. सहा वर्षं अशीच सायकल चालवून राहिली आहे, दोनदा बूट घासला, पडली कधीच नाही. तेलंगखेडी दादांनी सांगितलेला पाय बदलायचा प्रकार खरंच काम करतो, महिनाभरात विचारसुद्धा करावा लागत नाही. घाबरू नको बापा.

मडगार्डबद्दल मात्र जपून. पूर्ण लांबीचा पुढचा मडगार्ड टायरच्या बाहेर आणखी सेंटिमीटरभर तरी येतो, म्हणजे तुझे १३ चे जवळपास २५ होणार. आणि टायरला बूट लागला तर घासून सुटतो, मडगार्डला लागला तर तो मुडपून चाकात जायची भीती. मी पुढे आखूड मडगार्ड लावते, ज्याची शेपटी अ‍ॅक्सलच्या बरीच वर संपते. पाय भिजतात. पावसाळ्यात ते तसेही भिजतात. पूर्ण लांबीचाच हवा असेल तर पुढच्या काड्यांना दाब पडताच सुटणाऱ्या क्लिप असलेला घे.

धरमपेठची

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काल आणि आज पहाटे साडेपाचला रेशीमबागच्या मैदानावर जाऊन आले. पहिल्या वीस वेळा पाय चुकीचाच पुढे येत होता, मग जमलं. आज उजवीकडची छोटी वर्तुळं न घासता घेतली.

दादा, तुमचे दोन्ही प्रश्न बरोबर जागी लागले. पायाचं माप ३७, पण तेव्हा तो नंबर नव्हता म्हणून ३८ घेतले आणि आत जाड पातावा घातला. आणि लांब पल्ल्याला बरं पडतं असं ऐकून क्लीट पार मागे, टाचेकडे ओढलं होतं.

तेलंगखेडी७००

तर मग निम्मं उत्तर तिथेच आहे. क्लीट टाचेकडे नेलं की पाऊल पेडलवर पुढे सरकतं, म्हणजे चाकाच्या आणखी जवळ. तीन मिमी पुढे आणा. त्याहून जास्त नको, नाहीतर सगळा भार पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर येईल. बुटाचा एक युरोपीय नंबर म्हणजे साडेसहा मिमीहून थोडा जास्त. ३७ चा नीट बसणारा बूट घ्या, टोकाला पाचेक मिमी नक्की सुटतील. एवढ्यात १३ चे ५ झाले.

उरलेल्या पाचासाठी आखूड क्रँक. १६५ घेतला तर बूट टायरला टेकण्याच्या बेतात राहील, १६० घेतला तर ५ मिमी मोकळे. १५१ उंचीला १७० चा क्रँक मुळातच लांब आहे. गुडघा वर येताना मांडी पोटाला लागत असेल, तेही कमी होईल. क्रँक १० मिमी आखूड केला की सीट १० मिमी वर घ्या, हे विसरू नका. चढावर रेटा साधारण ६ टक्क्यांनी कमी मिळेल, म्हणजे सेमिनरी हिल्सला एखादा गियर हलका लागेल.

टायर २५ चा केल्यास ३ मिमी मिळतात. पण आपल्या सिमेंट रोडच्या जोडांवर रोज दणके खाणार असाल तर २८ च ठेवा.

हिंगणा_लाईन

दादा, समजलं, माझंच चुकलं होतं. मग ६५०बी, म्हणजे थोडी लहान चाकं का नाही टाकायची? डिस्क ब्रेक आहेत ना.

तेलंगखेडी७००

टाकता येतात, फक्त टायरचं गणित आधी करायचं. ६५०बी रिमचा व्यास ५८४, त्रिज्या २९२. त्यावर लोक हौसेने ४७ चा जाड टायर चढवतात: २९२ अधिक ४७, ३३९. ७००सी वर २८ चा टायर किती? तेही ३३९. पैसे गेले, जागा एक मिमी वाढली नाही. फायदा हवा तर टायरही बारीक लागतो. ३२ चा घेतला तर १५ मिमी मिळतात, पण तेवढीच बीबी जमिनीच्या जवळ येते आणि झुकून वळताना पेडल रस्त्याला लागू शकतं. ट्यूब २७.५ इंची मापाची, टायरच्या रुंदीला साजेशी चालते, रिम तीच आहे. ६५०बीसाठीचा असा बारीक टायर मात्र दर दुकानात टांगलेला नसतो.

खरा उपाय फ्रेम आखतानाच लहान चाक धरण्याचा आहे, आणि तो जुना आहे. अमेरिकेतल्या जॉर्जेना टेरी या इंजिनीअर बाईंनी १९८५ मध्ये कंपनी काढली आणि कमी उंचीच्या स्त्रियांसाठी पुढे २४ इंची, मागे ७००सी अशा सायकली विकल्या. चाक लहान, त्यामुळे पाय मोकळा आणि हँडलचा स्वभावही शाबूत. पुढची सायकल घ्याल तेव्हा जॉमेट्रीच्या तक्त्यात फ्रंट-सेंटरचा (बीबी ते पुढच्या चाकाच्या मध्याचं अंतर) आकडा आधी बघा, रंग नंतर.

आणि कोणी चिमटा उलटा फिरवून बसव म्हणालं तर ऐकू नका. चाक पुढे जाण्याऐवजी मागे, पायावर येईल.

धरमपेठची

ठरलं. सायकल परत करत नाही. ३७ चे बूट आज मागवले, क्लीट तीन मिमी पुढे आणलं, मडगार्ड पुढे आखूडच लावणार. जुन्याच बुटावर आत्ता मोजलं तर ९१ आहे, म्हणजे तीन मिमी तरी खरेच सुटले.

आता फक्त क्रँक राहिला. १६० मिमी, २४ मिमी स्पिंडल (दोन्ही क्रँक जोडणारा आस), ५०-३४ दाते. नागपुरात कोणाकडे वापरातून काढून ठेवलेला असेल तर इथेच कळवा. हिंगणा असो की कामठी, मी येऊन घेऊन जाईन.