उत्तर: ‘द एक्स्ट्राज’मध्ये नेमकं काय बिनसलं

किरण नगरकरांची ‘रावण अँड एडी’ ही कादंबरी आवडली, पण तिच्या पुढची ‘द एक्स्ट्राज’ शंभर पानांत सोडली, तोवर लेखक थकले होते, असं एका वाचकाने म्हटलंय. थकव्याचं कारण मला पटत नाही. गफलत बांधणीत आहे.

पहिल्या कादंबरीत (१९९५) पहिल्याच प्रसंगात तान्हा राम (पुढे हाच रावण) गॅलरीतून खाली झेपावतो आणि त्याला झेलायला गेलेला व्हिक्टर, म्हणजे एडीचा बाप, जीव गमावतो. त्या एका मृत्यूने माझगावच्या चाळीतली दोन घरं शेवटपर्यंत बांधली जातात. रावण आणि एडी क्वचितच समोरासमोर येतात, तरी ताण सुटत नाही. म्हणून नळाच्या पाण्यावरचं लांबलचक विषयांतरही खपून जातं. चाळीत भांडणाचं मूळ पाणीच!

दुसरीत (२०१२) दोघे मोठे होऊन सिनेमात नशीब काढायला निघतात आणि दोस्तही होतात. म्हणजे वैराचा पीळच सुटला. मग उरते प्रसंगांची माळ: टॅक्सी, गुत्ता, स्टुडिओ. त्यातला एखादा मणी काढला तरी पुढचं फारसं अडत नाही. मधली सतरा वर्षंही नडतात, पहिलीतले धागे वाचकाच्या हातून निसटलेले असतात.

सोडून दिली असेल तर सलग वाचू नका. सिनेमात गर्दीत उभ्या राहणाऱ्या एक्स्ट्रांच्या कामाची प्रकरणं तेवढी सुटी वाचा, ती झकास आहेत.