इंटर्नशिपमध्ये तुम्ही प्रत्यक्ष काय केले? खान्देशातील अनुभव

परीक्षा संपत आल्या की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा प्रश्न एकच असतो, "सर, ओजेटीचं सर्टिफिकेट कुठून मिळेल?" ओजेटी म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण किंवा इंटर्नशिप. काम कुठे मिळेल, असे विचारणारे थोडे असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे पदव्युत्तर पहिल्याच वर्षात ओजेटीला ४ श्रेयांक आले आणि पूर्वी अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी अशा शाखांपुरती असलेली गोष्ट मराठी-इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्यांच्याही वाट्याला आली. म्हणून हा धागा. कोणते काम मिळाले, शिकवले कोणी, खिशातून किती गेले, हे तपशिलाने लिहा. खान्देशातच काम केलेल्यांनी आवर्जून लिहावे, कारण पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय इंटर्नशिप होत नाही हा समज घराघरांत बसला आहे आणि तो मला मनापासून चुकीचा वाटतो.

यंत्र अभियांत्रिकी, जळगाव

तिसऱ्या वर्षानंतर मी एमआयडीसीतील एका डाळ मिलमध्ये सहा आठवडे होतो. मित्र पुण्याला गेले होते, त्यामुळे सुरुवातीला मन खट्टू होते. तुरीला तेल-पाणी देऊन, वाळवून, रोलवर सोलण्याची पद्धत मी दोन दिवसांत वहीत उतरवली आणि शिकण्यासारखे आता काही उरले नाही असे समजलो. तिसऱ्या दिवशी मालकांनी एकच काम दिले, ते म्हणजे प्रत्येक पाळीला डाळ, चुणी (डाळीचा चुरा) आणि टरफल किती निघाले ते तोलून लिहायचे. आठवडाभराच्या आकड्यांत रात्रपाळीची चुणी सतत जास्त दिसू लागली. मी रोलची गती मोजत बसलो. मिलमध्ये उभा जन्म काढलेल्या नानांनी मात्र वाळवणातला एक दाणा दाताखाली धरला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "हाऊ चावी देख, नरम शे." रात्रपाळीला येणारा माल पुरता वाळलेला नसायचा, टरफल सुटत नसे, म्हणून तो रोलवरून पुन्हा फिरवावा लागे आणि तितकी डाळ घासून चुणीत जाई. माझ्या वहीतून पाळी कळली होती, कारण नानांना कळले. पुढचे तीन आठवडे मी मालाचा ओलावा मीटरवर तपासून फळ्यावर लिहीत असे आणि नाना दाणा चावून माझा आकडा बरोबर की चूक ते सांगत. आज मी धान्य-प्रक्रियेची यंत्रे विकतो. ग्राहकाकडे गेलो की यंत्राआधी दाणा मागतो.

संगणक अभियांत्रिकी, भुसावळ

माझा अनुभव उलटा आहे. पुण्यातील एका संस्थेने इंटर्नशिपसाठी आमच्याकडूनच पैसे घेतले, दोन महिने तयार चित्रफिती पाहायला लावल्या आणि सर्वांना एकाच प्रकल्पाचा अहवाल दिला. खोलीभाडे आणि मेसचा खर्च वडिलांनी पतपेढीतून काढलेल्या कर्जातून झाला. पुढे मुलाखतीत त्या प्रकल्पाबद्दल दुसराच प्रश्न आला, तेव्हा मला बोलता आले नाही. पैसे मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नका, एवढे कळकळीने सांगते.

डी. फार्मसी, शहादा

आम्हाला ५०० तासांचे प्रशिक्षण किमान तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यातले निदान २५० तास प्रिस्क्रिप्शनप्रमाणे औषधे देण्यात जावे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात धडगावकडून आलेल्या एका बाईंना मी बाळाच्या औषधाची बाटली दिली. आत भुकटी असते, तीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे आणि मग मापाने द्यायचे, हे मी मराठीत नीट सांगितले. त्यांनी मान डोलावली. दुकानाच्या काकांनी त्यांना पायरीवरून परत बोलावले आणि त्यांच्या पावरी बोलीत विचारले, "काय करशील, सांग बरं." दर वेळी चमचाभर भुकटी पाण्यात कालवायची, असे त्या समजल्या होत्या. काकांनी बाटली तिथेच तयार करून दिली, मापावर पेनने रेघ ओढली आणि खोक्यावर उगवता सूर्य व चंद्र काढला. मला ते रागावले नाहीत. मात्र त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाकडून औषध कसे घेणार ते वदवून घेतल्याशिवाय मला पिशवी देऊ दिली नाही. पाठ्यपुस्तकात रुग्ण-समुपदेशनाचा धडा मी वाचला होता आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते.

एम.कॉम., धुळे

कर सल्लागारांच्या कार्यालयात पहिला महिना फायली लावण्यात गेला आणि तो वाया गेला असे मी आजही म्हणेन. नंतर मॅडमनी खरेदीची बिले जीएसटीच्या २बी विवरणाशी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीशी) जुळवायला बसवले. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवले नसेल तर व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. हे वर्गात ऐकले होते, पण विवरणपत्र भरायची २० तारीख तोंडावर आली असताना अशा पुरवठादाराला स्वतः फोन करावा लागला, तेव्हा ते पक्के समजले. विद्यावेतन मिळाले नाही. बसचा पास मात्र मॅडमनी काढून दिला.

बी.एस्सी. कृषी, रावेर तालुका

आम्हा कृषिकन्यांना गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करायचे असते. त्याच सत्रात मी केळीच्या एका पॅकहाऊसमध्येही जात होते. तिथे फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन, चीक गेल्यावर निर्यातीच्या १३ किलोच्या खोक्यांत भरत. माझे काम बाजूला काढलेल्या फण्या मोजून त्याचे कारण लिहिण्याचे होते. रोगापेक्षा खरचटल्यामुळे बाद झालेला माल कितीतरी जास्त निघाला. कापणीच्या वेळी घड जमिनीवर टेकवला की साल दुखावते आणि धुतल्यावर तिथे काळा डाग उमटतो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या केळी आहे आणि घड बांधावर ठेवतच मी मोठी झाले. मी घरी फोमच्या गाद्या आणल्या, तेव्हा वडील म्हणाले, "केळीला आता अंथरूण घालायचं का?" मी त्यांना पॅकहाऊसवर नेले आणि बाद फण्यांचा ढीग दाखवला. ते बराच वेळ एकेक फणी उलटून पाहत राहिले. पुढच्या कापणीला मी महाविद्यालयात होते. आईने फोनवर सांगितले की सकाळपासून वडील स्वतः शेतात उभे आहेत आणि मजुरांना एकही घड खाली ठेवू देत नाहीत.